हेडमध्ये अडकलेला तुटका स्पार्क प्लग: काढायचा कसा, आणि तो पुन्हा पुन्हा का तुटतो

प्लग तुटला हे कळलं की हात आपसूक चावीकडे जातो. "एकदा स्टार्टर मारून बघ, दाबाने उडून येईल," असं सांगणारंही कोणीतरी भेटतंच. कळकळीने सांगतो, ते करू नका. गाडी आहे तिथे उभी राहू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

माझ्या चार सिलिंडरच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा प्लग दोनदा तुटला. पहिल्यांदा नुसती पांढरी चिनी माती मोडली. दुसऱ्यांदा षटकोनी डोकं पिळवटून हातात आलं आणि आट्यांचा भाग हेडमध्येच (सिलिंडरांवर बसणाऱ्या धातूच्या झाकणात) राहिला. दोन्ही वेळा तोच सिलिंडर. असं उगाच होत नसतं, त्याला कारण होतं आणि ते सापडलं. ते पुढे सांगतोच, पण ज्यांचा प्लग आत्ता अडकून बसला आहे त्यांचं काम आधी.

स्टार्टर मारायचा नाही यामागचं कारण नीट समजून घ्या. आपण जिला चिनी माती म्हणतो ती प्रत्यक्षात ॲल्युमिना असते, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे बनतात तोच. काचेवर ती सहज ओरखडा उमटवते. सिलिंडरची भिंत, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची बैठक हे सगळं तिच्यापुढे मऊ. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आत पडला आणि इंजिन फिरलं, तर तो पिस्टन आणि हेडच्या मध्ये चिरडला जातो, रिंगेपाशी जाऊन भिंतीवर उभी रेघ ओढतो किंवा व्हॉल्व्हखाली अडकून कॉम्प्रेशन घालवतो. शिवाय चिनी माती लोहचुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची कांडी घालून ती निघणार नाही. म्हणून या कामात प्लग बाहेर काढण्याइतकंच महत्त्व आत काही पडू न देण्याला आहे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

नेमकं कुठे तुटलंय ते आधी बघा

प्लगवर बसलेली, त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल काढा, चांगला टॉर्च घ्या आणि प्लग ज्या खोल नळीच्या तळाशी बसतो तिच्यात सरळ वरून बघा. तुटलेला वरचा तुकडा हातात असेल तर तोही नीट पाहा, कारण आत काय राहिलं याचा हिशोब त्याच्यावरूनच लागतो. शक्य असेल तर तसाच एक अख्खा प्लग शेजारी ठेवून तुलना करा.

नुसती वरची पांढरी दांडी मोडली असेल आणि षटकोन शाबूत असेल, तर सुटकेचा नि:श्वास टाका. प्लग नेहमीच्या गोटीनेच (षटकोनावर बसणाऱ्या नळीसारख्या पान्याने) निघेल. मात्र गोटी उतरवण्याआधी नळीतले तुकडे बाहेर काढा, कारण ते षटकोनाभोवती साचलेले असतात आणि प्लग सुटताच थेट सिलिंडरमध्ये घरंगळतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक प्लॅस्टिकची नळी टेपने घट्ट बांधली की उत्तम काम होतं. हवा मारायची असेल तर डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि प्लग घट्ट बसलेला आहे तोवरच मारायची. गोटीच्या आतलं रबर काढून टाका, मोडक्या टोकामुळे ते नुसतं मध्ये येतं.

षटकोन तुटून आट्यांची नळी हेडमध्ये राहिली असेल तर ते खरं काम. त्याच्यासाठी पुढचा सगळा भाग.

तिसरी शक्यता अशी की प्लग पूर्ण निघाला, पण खालचं टोक जागेवर नाही: बाजूचा इलेक्ट्रोड किंवा चिनी मातीचं नाक गायब. मग ते आत आहे असंच धरून चालायचं. एंडोस्कोप कॅमेरा (लांब वायरच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा बघा. धातूचा तुकडा चुंबकाला चिकटला तर चुंबकाने येतो, चिनी माती व्हॅक्यूमने किंवा लांब काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून उचलायची. तो मिळेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही.

आट्यांचा भाग हेडमध्ये राहिला असेल तर

घाई करू नका. या कामाला एक रात्र द्यावी लागते.

आधी बाकीचे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना अटकाव, आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवायचं. "स्टार्टर नको म्हणालात, मग हे कसं चालतं?" असं कोणी विचारेल. आत काही पडलेलं नाही याची खात्री असेल आणि फिरवणं हाताने, हळूहळू असेल तर अडकलेलं लगेच जाणवतं आणि थांबता येतं. किंचितही अडखळलं तर तिथेच थांबा.

फिरवायचं कशासाठी? त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत, म्हणजे पडलाच एखादा कण तर तो व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाणार नाही. आणि पिस्टन अगदी वर नको, नाहीतर आत घातलेलं हत्यार त्याच्या माथ्यावर आदळतं. मी तिसऱ्या सिलिंडरसाठी केलं ते असं: फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो क्रम, १-३-४-२ होती. पहिल्याच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवलं. अंगठ्याखाली हवा दाबून बाहेर यायला लागली तेव्हा भोकात प्लॅस्टिकची स्ट्रॉ उभी धरली आणि ती वर यायची थांबेपर्यंत फिरवत राहिलो. हा झाला पहिला पिस्टन माथ्यावर. इथून अर्धी फेरी फिरवली तर तिसरा माथ्यावर येतो, मी पाव फेरीवरच थांबलो. तिसरा पिस्टन तेव्हा कॉम्प्रेशनच्या वाटेवर मध्यावर होता आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. तुमचा सिलिंडर वेगळा असेल तर याच हिशोबाने मोजा. टायमिंग बेल्टचं काम आधी कधी झालं असेल तर खुणा जुळतात ना तेही पाहून घ्या.

बाकीच्या सिलिंडरांच्या भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे घाला. बोळा मोठा असू द्या, आत घसरेल असा नको.

आता गंज सोडवणारं तेल. नळीत चारपाच थेंब पुरतात, ओतायचं नाही. तेल गंजावर चालतं, पण आट्यांच्या खालच्या टोकाला बसलेली काजळी त्याला फारशी दाद देत नाही. तिथे कार्ब्युरेटर क्लीनर बरा, तोही थोडासाच. दोन्ही पेट घेणारे आहेत, तेव्हा दारं उघडी ठेवा आणि जवळ ठिणगी किंवा ज्वाळा नको. संध्याकाळी घालून सकाळपर्यंत सोडा, मध्ये एकदा पुन्हा थेंब टाका.

आधी चिनी माती, मग एक्स्ट्रॅक्टर

या क्रमात चूक होते आणि इंजिन उघडावं लागतं, म्हणून इथे जरा जास्त सांगतो.

प्लगची रचना डोळ्यांपुढे आणा. चिनी मातीची दांडी लोखंडी बॉडीत वरून घातलेली असते. खाली बॉडीच्या आत एक बारीक पायरी असते, तिच्यावर दांडीचा खांदा टेकतो. वरून बॉडीची कड आत वळवून दांडी पकडून ठेवलेली असते. ही पकड षटकोनाच्या भागातच असते. षटकोन तुटला म्हणजे पकडही गेली. बऱ्याचदा दांडी षटकोनाबरोबरच बाहेर येते आणि आत मोकळी लोखंडी नळी उरते. आत राहिलीच असेल, तर अख्खी दांडी खाली पडू शकत नाही, पायरी तिला अडवते. तिला फक्त वर यायची वाट आहे. त्या पायरीच्याही खाली बाजूचा इलेक्ट्रोड आडवा असतो आणि त्याची फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. मोठा तुकडा तिथेच अडतो, धोका बारीक चुऱ्याचा.

म्हणून लांब, बारीक तोंडाची पक्कड घेऊन दांडी हलवत हलवत सरळ वर ओढा. आधी एवढंच. ती हलत असूनही निघत नसेल तर मधली काजळी धरून ठेवते आहे, पुन्हा क्लीनरचे दोन थेंब आणि अर्धा तास. तरीही नाहीच आली, तर बारीक पंचाच्या टोकाला ग्रीस लावून कडेकडेने हलके टोले देत ती वरून खाली थोडी थोडी फोडायची. दोनतीन टोले, मग व्हॅक्यूम. पुन्हा दोनतीन टोले, पुन्हा व्हॅक्यूम. मला या एका दांडीला पाऊण तास लागला आणि शेवटी सगळे तुकडे कागदावर मांडून अख्ख्या प्लगशी ताडून पाहिले. एक कोपरा कमी दिसत होता. तो व्हॅक्यूमच्या पिशवीत सापडला तेव्हाच पुढे गेलो.

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे अडकलेल्या तुकड्यात रुतवून त्याला फिरवत बाहेर काढणारं हत्यार. चिनी माती आत असताना तो ठोकला तर तो तिच्यावर पाचरीसारखा बसतो, तिचा चुरा करतो आणि चुरा खाली ढकलतो. म्हणून हा क्रम बदलू नका.

एक्स्ट्रॅक्टर दोन तऱ्हेचे मिळतात. एक स्क्रूसारखा उलट्या आट्यांचा, दुसरा सरळ कडांचा, चौकोनी आणि निमुळता. आट्यांचा भाग म्हणजे पातळ भिंतीची नळी. स्क्रूवाला जसजसा आत रुततो तसतशी ती नळी फुगवतो आणि हेडच्या आट्यांत आणखी घट्ट करतो. मी चौकोनीच वापरा म्हणेन. नळीच्या आतल्या मापाचा घ्या आणि हलक्या हातोडीने तीनचार टोल्यांत बसवा. कडा रुतल्या की पुरे. किती खोल गेला ते त्याच्यावर टेपची खूण करून मोजत राहा, पिस्टनपर्यंत पोचता कामा नये.

मग टॅपच्या (आटे पाडण्याच्या हत्याराच्या) दोन हातांच्या हँडलने डावीकडे, सरळ, हळू. रॅचेटने एका बाजूने जोर पडतो आणि इम्पॅक्ट गन तर अजिबात नको. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही आणि मग प्रश्न दुप्पट होतो. हाताला काय जाणवतं त्यावर लक्ष ठेवा. एक "कट्ट" आवाज येऊन सुटलं तर छान. हँडल स्प्रिंगसारखं वळतंय आणि सोडलं की परत येतंय असं वाटलं तर थांबा, पोलाद पिळवटतंय. पुन्हा तेल, पुन्हा वाट. सुटल्यावरही सलग फिरवू नका. अष्टमांश फेरी बाहेर, थोडं परत आत, थेंबभर तेल, पुन्हा बाहेर. खालच्या आट्यांवरची काजळी अशी चुरडत आणावी लागते, नाहीतर ती हेडचे ॲल्युमिनियमचे आटे खरवडून नेते.

उष्णतेचा उपयोग होतो, पण कधी ते पाहा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेड कोमट केलं की भोक थोडं सैल होतं. अडून बसलेल्या तुकड्यासाठी हॉट एअर गनने हळूहळू ऊब देता येते. तेही आधी घातलेलं क्लीनर आणि तेल पुसून, पूर्ण उडून गेल्यावरच. गॅसची ज्वाळा नको, आसपास पेट्रोलच्या नळ्या असतात. अख्खा प्लग काढताना मात्र इंजिन पूर्ण थंडच हवं, गरम हेडचे आटे लवकर फाटतात.

एका खास जातीच्या प्लगसाठी वरची पद्धत चालत नाही. फोर्डच्या २००४ ते २००८ सुमारच्या ५.४ लिटरच्या, सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांत आट्यांच्या खाली लांब पातळ नळी असलेला दोन भागांचा प्लग होता. त्या नळीभोवती काजळी साचते, वरचा भाग आट्यांसकट निघतो आणि नळी हेडमध्ये राहते. तिला बाहेरून आटे नसतात, म्हणून फिरवून उपयोग नाही. तिथे खास हत्याराने आतली चिनी माती थोडी खाली दाबतात, नळीत आटे पाडतात आणि तिला सरळ वर ओढतात. नेहमीच्या प्लगला हा उपाय लावू नका.

तुकडा निघाल्यावर कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा बघा, व्हॅक्यूम करा, पुन्हा बघा. आटे साफ करायला नवीन आटे पाडणारा टॅप नको, आहेत ते आटे झाडणारा चेसर हवा, आणि त्याच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे काजळी तिथेच चिकटते. आटे खरोखर गेले असतील तर पोलादी बुश किंवा तारेचा इन्सर्ट बसवता येतो. ते काम हेड न उतरवताही होतं, पण पहिल्यांदाच करत असाल तर ज्याने आधी केलं आहे त्याच्याकडून करून घ्या. टॅप थोडा जरी तिरका गेला तरी नवा प्लग कधीच सरळ बसत नाही. सगळं स्वच्छ दिसल्यावर, पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही बंद ठेवून, कापडाचे बोळे आठवणीने काढून, प्लग न लावता स्टार्टर दोन सेकंद मारा. आत उतरलेलं तेल उडून जातं. त्या वेळी भोकांवर वाकून पाहू नका.

पुन्हा पुन्हा का तुटतो

माझ्या तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट इथे येते. दुसऱ्यांदा तुटलेला षटकोन हातात घेऊन पाहिला तर त्याच्या वरच्या कडेला तांबूस गंजाचं कडं होतं. बाकी तीन प्लग कोरडे, करडे. म्हणजे या एकाच नळीत पाणी उभं राहत होतं. वर पाहिलं तर समोरच्या काचेखाली, वायपरपाशी जी जाळी असते, तिच्यातलं पाणी वाहून नेणारी रबरी नळी निसटली होती आणि पाणी इंजिन कव्हरवरून बरोबर तिसऱ्या कॉइलपाशी ठिबकत होतं. कॉइलच्या रबराची कड कडक होऊन चिरली होती. पहिल्यांदा तुटला तेव्हा मी नवा प्लग बसवला आणि विषय संपवला, ठिबक तशीच राहिली. पोलादी प्लग, ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यात पाणी: दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की गंज झपाट्याने धरतो. तुमचाही एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा त्रास देत असेल तर प्लगला दोष देण्याआधी त्या नळीत पाणी किंवा तेल कुठून येतं ते शोधा. तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरमधली प्लगच्या नळीची सील गेलेली असते.

सगळेच प्लग अडत असतील तर कारण बहुधा बसवण्याच्या पद्धतीत असतं. अंदाजाने आवळलेला प्लग हमखास जास्त आवळला जातो. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशर असलेल्या १४ मिमी आट्यांच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, आणि १० मिमीला फक्त १० ते १२ लागतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. दहा मिमीचा प्लग चौदाच्या सवयीने आवळला तर तो बसवतानाच अर्धा मोडलेला असतो, कळतं पुढच्या वेळी. आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणारा टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवून नव्या वॉशरवाल्या प्लगला अर्धी ते दोन तृतीयांश फेरी. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला मात्र फेरीचा सोळावा भाग, एवढंच.

आट्यांना अँटी-सीझ ग्रीस (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावण्याची सवय अनेकांना आहे, आणि हेतू चांगलाच असतो. अडचण अशी की ग्रीसने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो. प्लग बनवणारी एनजीके कंपनी तर आपल्या मुलामा दिलेल्या प्लगांना ते लावू नका असंच सांगते, आणि लावायचंच असेल तर टॉर्क तीसेक टक्क्यांनी कमी करायला सांगते. मी आता कोरडेच बसवतो.

आट्यांची लांबीही तपासा. १९ मिमीच्या जागी २६.५ मिमीचा गेला तर खालचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांच्यावर काजळी घट्ट बसते आणि काढताना तीच आटे ओरबाडते. कधीकधी तर पिस्टनलाच लागतो. आणि चिनी माती मोडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गोटी तिरकी पडणं. जागा अरुंद असली की लवचिक सांधा लावून एका बाजूने जोर दिला जातो, षटकोन सुटण्याआधी दांडीवर आडवा ताण येतो आणि ती मोडते. एक हात एक्स्टेन्शनच्या माथ्यावर धरून ते उभं ठेवा, दुसऱ्याने ओढा.

माझ्याकडे ती रबरी नळी क्लिप लावून परत बसवली, चारही कॉइलची रबरं बदलली, आणि तिसऱ्या नळीत टॉर्च मारून बघायची सवय लावून घेतली. वर्षभराने मुद्दाम तो प्लग काढून पाहिला. पाना लावला, पहिल्या पाव फेरीत "कट्ट" झालं, आणि पुढचा सगळा बोटांनी फिरवत बाहेर आला. षटकोनाची कड कोरडी होती.